वासाची विल्हेवाट

आमच्या घरातील गॅसच्या ओव्हनमधून वास येत असल्याची बाब सर्वप्रथम आमच्या आत्याच्या निदर्शनास आली. नाकाने केलेल्या कामाला 'निदर्शनास' म्हणावे की नाही, याबद्दल मी जरा साशंक आहे. परंतु कार्यालयीन भाषेत नाकासाठी वेगळी तरतूद नसल्यामुळे तूर्त हाच शब्द चालवून घ्यावा.

माझी ओळख करून देणे आवश्यक आहे. मी नगर कार्यालयाच्या फलक विभागात लेखनिक आहे. 'येथे वाहने उभी करू नयेत', 'ओल्या रंगास हात लावू नये', 'काम चालू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व' ही शहरभर लागलेली वाक्ये माझ्या लेखणीतून उतरलेली आहेत. याशिवाय आमच्या निवासी संकुलाच्या सुरक्षा समितीचा मी मानद सचिव आहे. संकुलात कुठे धोका निर्माण झाला की तो आधी मला कळवला जातो आणि मी लगेच त्याच्या शेजारी एक फलक लावतो. जिन्याची एक पायरी तुटली, तेव्हा मी तिथे 'पायरी तुटलेली आहे' असा फलक लावला. ती पायरी अजून तुटलेलीच आहे, पण आता पडणाऱ्याला आपण का पडलो हे कळते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचे नाक हे आमच्या घरातील सर्वांत जुने आणि अद्याप चालू स्थितीत असलेले एकमेव उपकरण. जिन्यावरून कोण गेले, कुणी आंघोळीला दांडी मारली, खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य लपूनछपून सिगारेट कुठे ओढतात, हे सारे तिला खुर्चीतून न उठता समजते. समजते ते समजते, वर ती ते मोठ्याने बोलूनही दाखवते. संकुलातील अनेक प्रतिष्ठित सभासद आमच्या दारावरून जाताना त्यामुळेच पाय उचलून चालतात.

त्या दिवशी सकाळी माझी बायको पावासाठी पीठ मळून ओव्हन तापवत होती. ती घरच्या घरी पाव, केक आणि बिस्किटे करून विकते. आमच्या रस्त्यावरचा एकही वाढदिवस तिच्यावाचून साजरा होत नाही. ओव्हन मात्र जुना. दाराची बिजागरी ढिली असल्यामुळे दाराला स्टूल लावून ठेवावे लागते. नॉब तुटलेला असल्यामुळे तो पकडीने फिरवावा लागतो. ज्योत मनाला येईल तेव्हा विझते. या दोषांना आम्ही इतकी वर्षे 'त्याच्या सवयी' म्हणत होतो.

"अरे बंड्या, गॅस सुटलाय!" आत्या आपल्या खोलीतून ओरडली. आयुष्यात एकही बंड न केलेल्या मला ती लहानपणापासून याच नावाने हाक मारते.

बायकोने ताबडतोब ओव्हन बंद केला, भिंतीजवळचा मुख्य कॉक फिरवला आणि धडाधड खिडक्या उघडल्या. आपणही काही करावे म्हणून मी पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

"हात काढा तिथून!" ती किंचाळली. "ठिणगी उडाली तर आपण तिघं समोरच्यांच्या गच्चीत जाऊन पडू! कळतं का काही?"

मी हात मागे घेतला. मग जे मला येते ते मी केले. टेबलाशी बसून सुवाच्य अक्षरात लिहिले: 'सदर ओव्हन सदोष आहे. संबंधितांनी सावधगिरी बाळगावी. आदेशावरून.' आणि तो कागद ओव्हनच्या दारावर चिकटवला.

बायको कमरेवर हात ठेवून वाचत होती. "झालं? आता गॅसला वाचायला शिकवा म्हणजे संपलं."

"अगं, पहिली पायरी असते ही."

"पहिली पायरी जिन्यात तुटून पडलीय तुमची. कंपनीला फोन करा आणि माणूस बोलवा."

इथेच घोडे पेंड खात होते. गॅस कंपनी दरवर्षी एका संकुलाला 'शून्य तक्रार संकुल' म्हणून ढाल देते. वर्षभरात गळतीची एकही तक्रार न आलेल्या संकुलांमध्ये यंदा आमचे नाव अग्रभागी होते आणि समारंभ येऊन ठेपला होता. ढाल सचिवाने स्वीकारायची असते. मी नवा कोट शिवून घेतला होता, आरशासमोर नम्रपणे हसण्याचा सरावही झाला होता. अशा वेळी तक्रार जावी, आणि तीही खुद्द सचिवाच्या घरातून?

"लिफ्टशेजारी तुम्हीच लिहिलंय ना," बायको म्हणाली, "गॅसचा वास आल्यास त्वरित तक्रार करा?"

"ते सर्वसाधारण सभासदांसाठी आहे. आणि त्यांनीही तक्रार करू नये अशीच अपेक्षा आहे. पण फलक असावा लागतो."

"मग बाहेरचा मेकॅनिक आणा."

"बाहेरच्या माणसाने हात लावला तर कंपनीला कळवावं लागतं. कळवलं की ती तक्रार धरतात."

"तुम्हाला ढाल हवी की बायको?"

"समजा, दोन्हींचा मेळ घालता आला..." मी सुरुवात केली, पण तिच्या हातात पक्कड होती, म्हणून वाक्य अर्धवट सोडले.

"ऐका," ती म्हणाली. "ओव्हन नीट होऊन, कुणीतरी तपासून दिल्याशिवाय या घरात मी काडी ओढणार नाही. ऑर्डरी गेल्या तर जाऊ देत. आत्यांची खाट या भिंतीला लागून आहे. त्या झोपेत असताना काही झालं तर तुमच्या ढालीचं काय करू मी? त्यांच्यावर पांघरू?"

खरे सांगतो, त्या क्षणी माझ्या जिवाचे पाणी झाले. आईच्या मागे आत्यानेच मला वाढवले आहे. ती खाट, ती भिंत आणि भिंतीपलीकडचा तो ओव्हन हे सारे मला एका ओळीत दिसले. पण सुरक्षा समितीच्या सचिवाने घाबरणे योग्य दिसत नाही. म्हणून मी खाटेच्या उशाशी 'शेजारी सदोष ओव्हन आहे' असा एक छोटा फलक लावला आणि मन घट्ट केले.

बायकोने स्वतःच फोन उचलला आणि जिन्याबाहेर मोकळ्यावर जाऊन उभी राहिली. वास येत असताना घरातून फोन करू नये, हेही माझ्याच एका फलकावर लिहिलेले आहे; तो वाचून तसे वागणारी ती पहिलीच व्यक्ती. मी मागोमाग गेलो. पलीकडून एका मुलीचा गोड आवाज आला.

"नमस्कार, आपली सुरक्षा हाच आमचा श्वास. बोला."

"ओव्हनमधून गॅसचा वास येतोय."

"सौम्य, मध्यम की तीव्र?"

"तीव्र होता. मी मुख्य कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या."

"म्हणजे आता येत नाहीये?"

"आता नाही येत. पण..."

"धन्यवाद. ग्राहकाने स्वतः निवारण केल्यामुळे आपली तक्रार नोंदवण्यापूर्वीच निकाली काढण्यात येत आहे."

"अहो, निकाली कशी काढता? कॉक उघडला की परत येणार!"

"मग वास येत असताना फोन करा ना, मॅडम."

"म्हणजे कॉक उघडून फोन करू?"

"नाही नाही! गळती असताना कॉक उघडणं अत्यंत धोकादायक आहे. तसं केल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही."

"अहो ताई, मग तक्रार करायची तरी कधी?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग मुलगी पुन्हा गोड आवाजात म्हणाली, "आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी असाल तर एक दाबा, अत्यंत समाधानी असाल तर दोन दाबा."

बायकोने फोन बंद केला. आमची नोंद समाधानी ग्राहकांत झाली असावी. मला हायसे वाटले. मात्र तिच्या नाकाचा शेंडा लाल झालेला पाहून मी ते चेहऱ्यावर येऊ दिले नाही.

ती हार मानणाऱ्यातली नव्हती. तिने मळलेल्या पिठाचे मोठे पातेले उचलले आणि थेट गॅस कंपनीच्या कार्यालयात जाऊन साहेबांच्या टेबलावर ठेवले. "हे भाजायला माझ्याकडे धड ओव्हन नाही. माणूस पाठवाल तेव्हा उठेन," असे म्हणून समोरच्या खुर्चीत बसली. कार्यालयात उकडत होते. पीठ फुगू लागले. ते पातेल्याच्या काठावर आले, मग काठावरून खाली उतरले, मग साहेबांच्या शिक्क्यांच्या दिशेने सरकू लागले. टेबलावर येणाऱ्या वस्तूला पुढच्या टेबलावर ढकलायचे, ही त्या कार्यालयाची जुनी पद्धत. पण हे प्रकरण ढकलले की हाताला चिकटत होते. अखेर साहेबांनी हात टेकले. तक्रार नोंदवणे शक्य नसल्याने त्यांनी मुख्य गंध निरीक्षकांना आमच्याकडे सदिच्छा भेटीसाठी पाठवण्याचे मान्य केले. सदिच्छा भेट तक्रारीत मोडत नसल्यामुळे ढाल शाबूत राहिली आणि मीही त्यांचे मनापासून स्वागत केले.

निरीक्षक टापटीप गृहस्थ होते. पाय पुसून आत आले, माझ्या फलकांच्या अक्षराचे कौतुक केले आणि ओव्हनसमोर गुडघे टेकून बसले. बायकोने सगळ्या खिडक्या उघड्या आहेत ना हे पाहिले आणि क्षणभर कॉक उघडला. निरीक्षकांनी ओव्हनमध्ये डोके घालून बागेत आल्यासारखा दीर्घ श्वास घेतला.

"काही नाही," ते म्हणाले.

"काही नाही?" पलीकडच्या खोलीतून आत्या पदर नाकाला लावून बाहेर आली. "अहो, माझे डोळे चुरचुरायला लागले! तुम्हाला येत नाही वास?"

"नाही येत. मला कशाचाच येत नाही, आजी. बरीच वर्षं झाली."

बायकोने कॉक बंद केला आणि त्यांच्याकडे बघतच राहिली. "वास येत नाही? मग तुम्हाला गंध निरीक्षक कोणी केलं?"

निरीक्षक जराही रागावले नाहीत. उठून, गुडघे झटकून त्यांनी शांतपणे खुलासा केला. "आधी वास येणारे निरीक्षक होते, ताई. जिथे जातील तिथे गळती सापडायची. मग नळ्या बदला, बर्नर बदला, माणसं पाठवा. खालचे कर्मचारी मेटाकुटीला आले होते. मी रुजू झाल्यापासून एकही गळती सापडलेली नाही. त्या कामगिरीवरच मुख्य झालो."

"मोजायचं यंत्र असतं ना तुमच्याकडे?"

"असतं की. फार नाजूक आहे. गॅसजवळ नेलं की लगेच कोकलायला लागतं, म्हणून कपाटात ठेवलंय."

"पण मला वास येतोय त्याचं काय?" आत्या म्हणाली. "माझं नाक काय शोभेला आहे?"

"आजी, तुमचं नाक उत्तम असेल. पण ते मान्यताप्राप्त नाही." मग त्यांनी पिशवीतून एक पिवळा डबा काढून माझ्या हातात दिला. दाबला की लिंबाचा सुगंध फवारणारा तो डबा होता. "कंपनीतर्फे भेट. अडचण वासाची आहे ना? मग इलाजही वासावरच करायचा."

मला त्यांची विचारपद्धती एकदम पटली. आत्याने मात्र त्यांना दारातच गाठले. "अहो मास्तर, गॅसला मुळात वास नसतो. तो मुद्दाम घालतात, माणसाला कळावं म्हणून. एवढं तरी ठाऊक आहे ना?" निरीक्षकांनी ही माहिती लक्षपूर्वक ऐकून घेतली, आभार मानले आणि ते विचारात पडल्यासारखे जिना उतरले. तुटलेल्या पायरीवरून ते घसरले, पण फलक वाचून घसरले.

आता सुरक्षा समितीला विश्वासात घेणे प्राप्त होते. मी तातडीची बैठक बोलावली. अध्यक्षस्थानी खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य होते. वरच्या मजल्यावर शिकवणी घेणाऱ्या बाई आणि शेजारचे विमा एजंट हे सदस्य. मी फार जपून सुरुवात केली.

"संकुलातील एका घरी, नाव घेत नाही, किंचित वास येत असल्याचे..."

"लिंबाचा का?" बाईंच्या तोंडून निघून गेले आणि त्यांनी लगेच जीभ चावली.

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. दंतवैद्यांनी घसा खाकरला. विमा एजंटांनी छताकडे पाहिले. थोड्याच वेळात चित्र स्पष्ट झाले. पिवळा डबा प्रत्येकाच्या घरी पोहोचला होता. प्रत्येकाच्या घरात कुठे ना कुठे गळत होते आणि ढालीसाठी प्रत्येक जण मूग गिळून बसला होता. बाईंच्या बर्नरची नळी तडकली होती. एजंटांच्या शेगडीतून रात्रंदिवस फुसफुस आवाज येत असे. त्यांनी स्वतःचा विमा वाढवून घेतला होता.

कुणाला वाटेल की हे ऐकून सभेच्या तोंडचे पाणी पळाले असेल. छे! उलट सर्वांच्या चेहऱ्यावर असे काही समाधान पसरले की मला भरून आले. एकाच घरात गळती असती तर तो दोष ठरला असता. सगळ्यांच्याच घरात आहे म्हटल्यावर ती संकुलाची रीत झाली.

खरा वाद झाला तो पुढेच. बाईंनी लिंबाऐवजी गुलाबाचा डबा आणला होता आणि जिन्यात लिंबू आणि गुलाब एकत्र होऊन एजंटांचे डोके दुखत होते. गुलाब शिष्ट आहे की लिंबू हलके आहे, यावर बरीच बाचाबाची झाली. संपूर्ण संकुलात एकाच सुगंधाची फवारणी असावी असा ठराव अखेर लिंबाच्या बाजूने मंजूर झाला. बाईंनी निषेध नोंदवला. गॅसचा विषय वेळेअभावी पुढे ढकलण्यात आला.

"एकच अडचण उरते," दंतवैद्य बोटे लपवत म्हणाले. "तुमच्या आत्याबाई. त्यांना लिंबाखालचाही वास येतो. परवा माझ्या भरलेल्या दवाखान्यासमोरून जाताना म्हणाल्या, डॉक्टर, आज दोनदा ओढलीत वाटतं."

"समारंभात पाहुण्यांसमोर त्या नाक दाबून उभ्या राहिल्या तर?" एजंटांनी चिंता व्यक्त केली.

त्यावर, आत्याबाईंना त्यांच्या प्रकृतीच्या हितासाठी समारंभापूर्वी हवापालटास पाठवावे, असा ठराव मांडण्यात आला. जवळच्या नात्याचा विचार करून मी मतदानात तटस्थ राहिलो. ठराव एकमताने संमत झाला.

तो ठराव मी घरी कसा वाचून दाखवला, माझे मलाच ठाऊक. शक्य तितक्या सौम्य शब्दांत वाचला. आत्या खुर्चीत बसून ऐकत होती. 

"बंड्या," ती मग म्हणाली, "तू तान्हा होतास तेव्हा दुपट्यात घाण केलीस की सगळ्यात आधी वास मला यायचा. तेव्हा मला कुणी हवापालटाला पाठवलं नाही रे. तुझं दुपटं बदललं."

माझे डोळे भरून आले. गॅसमुळे असेल असे मी स्वतःला समजावले, पण गॅस बंद होता. बायको कपाटावरची बॅग काढत होती.

"अगं, तू कुठे निघालीस? ठराव फक्त आत्याचा आहे."

"माझा ठराव मी केलाय. माझ्या भावाकडे जातोय आम्ही दोघी. त्याच्याकडचा ओव्हन शहाणा आहे आणि माणसंही. पाव तिथे भाजेन." तिने कॉक पुन्हा एकदा घट्ट फिरवून पाहिला, त्याला स्वयंपाकघरातले फडके करकचून बांधले आणि पक्कड बॅगेत टाकली. दारात थांबून म्हणाली, "तुम्ही पण चला की हो. ढाल काय, पोस्टानेसुद्धा येते."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपे गेले असते. "समारंभ झाला की येतो," मी म्हणालो. आत्याने जाताना माझ्या गालावरून हात फिरवला आणि माझ्या अंगाला भीतीचा वास येतो आहे, असे मोठ्याने सांगितले.

समारंभ दुसऱ्याच दिवशी सकाळी संकुलाच्या अंगणात झाला. सगळीकडे लिंबाचा असा घमघमाट होता की रस्त्यावरची माणसे सरबत मिळेल म्हणून आत डोकावत होती. कंपनीचे सर्वोच्च साहेब आले. शेजारी आमचे मुख्य गंध निरीक्षक बसले होते. त्यांना नुकतीच आणखी एक बढती मिळाली होती. टाळ्यांच्या कडकडाटात ढाल माझ्या हातात आली. मी नम्रपणे हसलो. मग साहेब भाषणाला उभे राहिले.

"मित्रहो," ते म्हणाले, "आजवर आपल्याकडे आलेल्या सर्व तक्रारींचा आम्ही अभ्यास केला. एकाही ग्राहकाची गॅसबद्दल तक्रार नाही. प्रत्येकाची तक्रार वासाबद्दल आहे! आणि आमच्या या हुशार निरीक्षकांनी एक धक्कादायक गोष्ट शोधून काढली. गॅसला मुळात वास नसतोच. तो आपणच त्यात मिसळत होतो! म्हणजे इतकी वर्षे कंपनी स्वखर्चाने गॅसमध्ये तक्रारी मिसळत होती!"

 निरीक्षकांनी संकोचाने मान खाली घातली.

"हे आजपासून बंद. सुरक्षेच्या क्षेत्रातील हे सर्वांत मोठे पाऊल आहे. निर्गंध गॅस! आणि त्याचा पहिला मान शून्य तक्रार संकुलाला!"

मी सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवता वाजवता मला आत्याचे 'माणसाला कळावं म्हणून' हे वाक्य आठवले आणि तळहात एकदम गार पडले. पण सगळे वाजवत होते. मध्येच थांबणे सचिवाला शोभले नसते. तेवढ्यात कंपनीच्या माणसांनी उद्घाटन म्हणून घरोघरी जाऊन प्रत्येकाचा मुख्य कॉक उघडून दिला. कुणाला तसदी नको म्हणून आमच्या कॉकचे फडकेही त्यांनीच सोडले आणि घडी करून ओट्यावर ठेवले.

पाहुणे गेल्यावर मी ढाल घेऊन घरी आलो आणि ती कुठे टांगावी हे पाहू लागलो. भिंत निवडून होते न होते तोच फोन वाजला.

"कॉक बंद आहे ना?" बायकोने विचारले.

"उघडलाय. उद्घाटन झालं ना. अगं, तू ऐकलंस का, नवीन गॅस..."

"रेडिओवर ऐकलं. म्हणूनच फोन केला. वास येतोय का?"

मी नाक वर करून नीट हुंगले. "अजिबात नाही. इतकी स्वच्छ हवा तर..."

"देवा! अहो, फोन ठेवा, कशालाही हात लावू नका आणि बाहेर पडा! आत्ताच्या आत्ता!" मागून आत्याचा आवाज आला, "पळ रे बंड्या, पळ!"

मी म्हणणार होतो की घाबरण्यासारखे काहीही निदर्शनास येत नाही. पण जन्मभर जिच्या हाकेवर वाढलो तिच्या हाकेने पाय आपोआप उचलले गेले. कॉक बंद करायचे भान राहिले नाही. ढाल मात्र हातात होती. मी अनवाणी जिना उतरलो, तुटलेल्या पायरीवरून पडलो आणि अंगणात पोहोचलो.

अंगणात सगळे संकुल उभे होते. दंतवैद्य अर्ध्या दाढीला साबण लावलेल्या अवस्थेत होते. शिकवणीच्या बाईंच्या मागे पोरे ओळीने उभी होती. विमा एजंट बायको, सासूबाई आणि पॉलिसीची पिशवी घेऊन फाटकापाशी होते.

"काय, आज बाहेर?" मी विचारले.

"छे, सहज," दंतवैद्य म्हणाले. "पाय मोकळे करायला."

"मुलांना झाडं दाखवतेय," बाई म्हणाल्या. अंगणात एकही झाड नव्हते.

"हवा छान आहे," एजंट म्हणाले आणि सासूबाईंना आणखी थोडे लांब सरकवले.

कुणीही फोन केला नाही. फोन केला असता तर ती तक्रार झाली असती, आणि काही तासांपूर्वीच ढाल स्वीकारलेल्या लोकांनी असे करणे बरे दिसत नाही. कुणी आत जाऊन कॉकही बंद करेना, कारण वास येत नसताना कॉक बंद करायला जाणारा माणूस वेडा ठरतो. आपल्या डोक्याबद्दल कुणी शंका घ्यावी असे आमच्यापैकी एकालाही वाटत नव्हते. इमारत समोर उभी होती, तिच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या आणि आम्ही सारे तिच्याकडे पाहत हवेचे कौतुक करत होतो.

हे सर्व मी अंगणातच बसून, ढाल मांडीवर पालथी घालून लिहितो आहे. वाचून तुम्हाला हसू आले असेल. काय ही माणसे, असेही म्हणाला असाल. अवश्य म्हणा, आमची काही तक्रार नाही. मात्र इतके वाचताना, आपल्या शेगडीचा कॉक बंद आहे की नाही, नळी शेवटची कधी बदलली, हे बघून यावे असे तुमच्या मनात एकदा तरी येऊन गेले असणार. मग उठलात? एकदा तरी स्वयंपाकघरात जाऊन आलात?

नाही ना. वाटलेच मला. हे एवढे वाचून होऊ दे, मग बघू, असेच म्हणालात ना? अभिनंदन. पुढच्या वर्षीच्या ढालीसाठी तुमच्या घराचे नाव मी आजच कळवतो आहे.